दर शुक्रवारी सहा थेंब

मित्रांनो, मी मासे धरायचं एक जुनं रीळ आहे आणि मला गप्प बसवतच नाही. आता बघा, तुमच्याशी बोलता बोलता माझी मूठ अर्धा फेरा फिरलीसुद्धा!

माझे मालक मजीदभाई शहागंजात कोट शिवतात. शुक्रवारी दुकान बंद, की आमची स्वारी निघाली पैठणला, नाथसागराच्या काठी. बारा वर्षं मी त्यांच्या गळाची नायलॉनची दोरी, म्हणजे तंगूस, गुंडाळलं. रोहू ओढले, कटला ओढले. काठावरचे सोनाजी म्हणायचे, "मजीदभाई, रीळ लई गुणाचं हाय तुमचं." मग दिवसभर माझा तोरा विचारू नका!

आणि मागच्या शुक्रवारी घात झाला. मोठा रोहू लागला होता. मासा पळाला की माझा ब्रेक तंगूस जपून, थोडं थोडं सोडतो. त्या दिवशी ब्रेक धरेचना. तंगूस भराभर सुटलं, बुडालेल्या बाभळीत अडकलं आणि तुटलं. मजीदभाई मनगट चोळत म्हणाले, "माझ्या हातातच जोर नाय राहिला." मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, चूक माझी आहे! पण मला तोंड कुठलं?

सोमवारी त्यांनी नवं रीळ आणलं. काळं, चकचकीत. मला भंगारात द्यायचं ठरलं.

त्यांची मुलगी तहरीम आयटीआयला फिटरचं शिकते. ती म्हणाली, "थांबा अब्बा, आधी दोघांची बरोबरी करून बघू."

तिनं दोघांच्या मुठी फिरवल्या. नवं रीळ आवाज न करता फिरलं, मी करकरलो. हातात तोलून पाहिलं, तर तिथंही नवंच हलकं. मग तिनं तंगुसाला दुकानातली इस्त्री बांधली. नव्या रिळानं ती टेबलावरून सरळ ओढत आणली. माझी पाळी आली तेव्हा इस्त्री जागची हलली नाही, माझीच चकरी उलटी फिरत राहिली. शरमेनं मेल्यासारखं झालं मला.

"बघ, गेलं ते," मजीदभाई म्हणाले.

तहरीमनं माझा वरचा नट काढला. "अब्बा, ह्यात तेल कुणी घातलं?"

"मीच की. करकरायला लागलं तेव्हापासून दर शुक्रवारी सहा थेंब. शिलाई मशीनला घालतो ना, तसंच."

"अहो, मुठीला घाला! ह्या ब्रेकच्या चकत्या कोरड्याच पाहिजेत. ब्रेकला कुणी तेल पाजतं व्हय?"

तिनं मला पुसलं. कोटाच्या कॉलरखाली लावतात त्या जाड लोकरी नमद्याच्या तीन गोल चकत्या कापून आत बसवल्या. मग मूठ मजीदभाईंच्या हातात दिली. त्यांनी फिरवली, आणि इस्त्री निघाली! खरखरत पार त्यांच्या पोटाशी आली.

मजीदभाईंनी मनगट वळवून पाहिलं. "म्हणजे हात नव्हता गेला माझा?"

"नाय अब्बा. तुमची माया जास्त झाली."

मित्रांनो, हयगयीनं वाया गेलेल्या वस्तू तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. मी लाडानं वाया चाललो होतो. कुणाला जपायचं असेल, तर त्याला काय सोसतं ते आधी बघा.

आज शुक्रवार. नवं रीळ तहरीमच्या गळाच्या काठीला बसलंय, मी मजीदभाईंच्या. त्यांनी तेलाची कुपी काढली. मुठीवर एक थेंब टाकला. बरं वाटलं. पण कुपी अजून हातातच आहे, आणि ते माझ्याकडं फार मायेनं बघतायत.

तहरीम, लवकर ये गं बाई!