एका मुलामागे एकशे वीस

खोलीत होतं ते असं. लांबी सहा मीटर, रुंदी पाच, उंची तीन. खिडक्या दोन, काचा शाबूत. दार एक. बाकं दहा. पंखे दोन, त्यातला एक फिरणारा. फळा एक आणि त्याच्या शेजारी भिंतीवर टांगलेला नवा टीव्ही, अजून प्लास्टिकमध्येच. पाण्याचा माठ एक. पहिली ते पाचवीची मुलं एकोणीस, बाई एक आणि दाराशी उभी मी.

मानपाड्याच्या मागे कारखान्यांची हद्द संपते आणि टॉवर सुरू होतात, त्यांच्या मधल्या पट्ट्यात ही मराठी शाळा होती. लहान लहान शाळा बंद करून एका मोठ्या इमारतीत आणायच्या, तिथे प्रत्येक इयत्तेला वेगळा वर्ग, वेगळे शिक्षक, प्रयोगशाळा, अशी समूह शाळेची योजना होती. त्याआधी जुन्या वर्गांतली हवा, उजेड आणि आवाज मोजायचे होते. त्या कामावर करारावर घेतलेल्या मुलामुलींपैकी मी एक. समीक्षा, भौतिकशास्त्रात एमएस्सी, राहणार कोपर, नोकरी पहिलीच.

हवेचं मोजमाप सोपं असतं. माणूस श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोली बंद ठेवली की तो साठतो आणि यंत्रावरचा आकडा चढतो. मोकळ्या हवेत आकडा साधारण चारशे तीसच्या आसपास असतो. एवढ्या मापाच्या बंद खोलीत एक मूल तासाभरात तो एकशे वीसने चढवतं, हे मी आधीच्या शाळांमध्ये तपासून काढलं होतं. मोठ्या माणसांचा हिशेब वेगळा. तो वजा करायचा.

या शाळेत पहिल्या दिवशी भागाकार केला तर उत्तर वीस आलं. एका मुलाचा फरक यंत्राच्या चुकीतही बसतो. मी तो सोडून दिला असता. पण जेवणाच्या सुट्टीत सगळी मुलं व्हरांड्यात खिचडीला बसली, तेव्हा मी दोन्ही खिडक्या उघडून खोली मोकळी केली, आकडा चारशे तीसवर आला, मग खिडक्या लावल्या, यंत्र बाकावर ठेवलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. रिकामी खोली कशी वागते हे प्रत्येक शाळेत बघायचंच असतं. आकडा तिथेच राहायला हवा.

अर्ध्या तासाने तो चारशे एक्याण्णव होता.

"आगो, माझ्या खिचडीची वाफ खाल्ली असंल तुझ्या मशीननी," खिचडी शिजवणाऱ्या रंगूबाई म्हणाल्या. "दे त्याला पण वाटीभर."

मुलं खो खो हसली. मला त्यांचं म्हणणं अगदीच खोटं वाटलं नाही. गॅस पेटलेला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तोच प्रयोग शेजारच्या, वापरात नसलेल्या खोलीत केला. ती गॅसला जास्त जवळ होती. तिथला आकडा हलला नाही. मग पहिल्या खोलीत दुसरं यंत्र ठेवून बघितलं. अर्ध्या तासात आकडा एकोणसाठने चढला.

तिसऱ्या दिवशी मी शाळा भरायच्या वेळी, साडेदहाला गेले. मंजुळाबाई हजेरी घेत होत्या. त्या पन्नाशीच्या आसपासच्या, बारीक, चष्मा केसांवर सरकवलेला. पाचही इयत्तांना त्या एकट्याच शिकवत. त्यांना नावं पाठ होती. प्रत्येक नावासरशी त्या मुलाकडे बघत आणि मूल "हजर बाई" म्हणे.

"बायजा," त्या म्हणाल्या.

कुणी बोललं नाही. बाईंनीच हलक्या आवाजात "हजर" म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं. मुलं हसली नाहीत, त्यांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. फक्त तिसऱ्या बाकावर एकटी बसलेली एक मुलगी भिंतीकडे सरकली. कुणाला तरी जागा हवी होती म्हणून सरकावं, तशी.

सुट्टीत मी बाईंना विचारलं, "बायजा कोण?"

त्या डबा उघडत होत्या. झाकण तसंच हातात धरून म्हणाल्या, "तू कुणाला सांगणार आहेस?"

"माझं काम हवा मोजायचं आहे."

"मग ऐक. आई-बाप समोरच्या टॉवरवर कामाला होते. दिवाळीनंतर काम संपलं, हिंगोलीकडे गावी गेले. दाखला न्यायला थांबले नाहीत. मी पण नाव काढलं नाही." त्यांनी डबा बाजूला ठेवला. "पट वीस आहे तोवर शाळा आहे, समीक्षा. एकोणीस झाला की मुलं समूह शाळेत आणि मी अतिरिक्त. अतिरिक्त म्हणजे कळतं ना? जिथे पाठवतील तिथे, देतील ते काम. सव्वीस वर्षं झाली मला वर्गात. दुसरं काही येत नाही गं."

"पण हजेरीत तुम्ही स्वतःच..."

"पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं. जूनपासूनची सवय. मग रोज निघायला लागलं."

मी त्यांना आकडे दाखवले. त्या घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, दोन्ही यंत्रांचे आकडे पुन्हा पुन्हा वाचले आणि विचारलं, "एका मुलाएवढंच आहे का हे?"

"हो. जवळजवळ तेवढंच."

"बरं," त्या म्हणाल्या आणि जेवू लागल्या. अर्धी पोळी खाऊन डबा बंद केला.

पुढच्या आठवड्यात पालकांची सभा झाली. केंद्रप्रमुख सिद्धेश सर आले. या भागातल्या सगळ्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली. माणूस तरुण, घामाघूम आणि खरं बोलणारा होता, हे सांगितलंच पाहिजे.

"एक शिक्षिका, पाच इयत्ता," ते म्हणाले. "पाचवीला भागाकार शिकवताना पहिलीतली मुलं काय करतात? बसून राहतात. मंजुळाबाई कितीही चांगल्या असल्या, तरी एकट्या आहेत. तिकडे पाच शिक्षक मिळतील. बस मिळेल."

"बस आज मिळेल," मागून बाबुराव म्हणाले. ते रिक्षा चालवत आणि त्यांचा नातू इथे दुसरीत होता. "पुढल्या वर्षी डिझेलला पैसे नाहीत म्हणून बंद पडेल. मग पोरांनी हायवे कोणाचा हात धरून क्रॉस करायचा? तुमचा?"

"बाबुराव, असं नका बोलू."

"बरं, नाही बोलत. तुमची मुलगी कुठल्या शाळेत आहे सर?"

सर म्हणाले, "इंग्लिश मीडियम."

"झालं तर मग! आमच्या पोरांवर प्रयोग करा सगळे."

हशा पिकला. सरही कसनुसं हसले. मग म्हणाले, "हे बघा, मी नियमाने जाणार. पट वीस असेल तर या वर्षी मला शाळेला हात लावता येत नाही. चला, मोजून घेतो."

मंजुळाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. सर वर्गाच्या दारात गेले. मी त्यांच्या मागेच होते. त्यांनी बोट नाचवत डोकी मोजली, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. मीही मोजली. माझी एकोणीस झाली.

"वीस," सर म्हणाले. "बरोबर आहे बाई. वाचली तुमची शाळा."

टाळ्या पडल्या. रंगूबाईंनी सगळ्यांना चहा दिला. मी दारातून हलले नव्हते. तिसऱ्या बाकावर ती मुलगी भिंतीला खेटून, एका कडेला बसली होती.

सभेनंतर, पाचला मुलं सुटल्यावर मी आणि बाई वर्ग आवरत होतो, तेव्हा त्यांच्या मोबाईलवर फोन आला. नंबर अनोळखी होता. त्यांनी स्पीकर लावला, कारण रेंज खराब होती.

"बाई, मी बायजाची माय बोलते. लय मुश्किलीनं नंबर मिळाला ओ."

"बोल गं. कशी आहे बायजा?"

"तेच सांगायला फोन केला. पोरगी जेवतच नाही. सकाळी साडेदहा वाजले की आडवी होते. डोळे टक्क उघडे, हाक मारली तर वळत नाही. पाचला उठते अन् म्हणते, मी शाळेत खिचडी खाल्ली. कोणच्या शाळेत? इथं घेतच नाहीत तिला. सर म्हणतात, तिकडून नाव सुटल्याबिगर इथं चढत नाही. हातापायाच्या काड्या झाल्यात बाई. दवाखान्यात दाखवलं, त्यांना काही सापडंना."

बाई बाकावर बसल्या. "तिला दे फोन."

थोडा वेळ नुसतं खरखरलं. मग एक बारीक आवाज आला. "बाई, आज सर आले होते ना आपल्या शाळेत? त्यांनी मला मोजलं."

मंजुळाबाईंनी फोन बंद केला. बाहेर पालक अजून चहा पीत होते, बाबुराव कुणाला तरी सांगत होते की बघ, बोललं की काम होतं.

"समीक्षा," त्या म्हणाल्या, "मी नाव सोडलं आणि तरी ती गेली नाही तर?"

"उद्या मोजून सांगते."

"आणि गेली तर शाळा गेली."

यावर मोजण्यासारखं काही नव्हतं.

पिशवीतून लॅपटॉप काढून त्यांनी स्वतःच पटावरून बायजाचं नाव सोडलं आणि हिंगोलीच्या शाळेकडे पाठवून दिलं. शेवटचं बटण दाबायच्या आधी त्या उठून खिडकीशी गेल्या, बाहेर बघितलं, परत आल्या आणि दाबलं.

दुसऱ्या दिवशी हजेरीत ते नाव आलं नाही. बाईंचे ओठ त्या जागी मिटले, मग उघडले, पुढच्या नावावर. सुट्टीत रिकामी खोली अर्धा तास बंद ठेवली. आकडा चारशे तीसवरून चारशे एकतीस झाला. संध्याकाळी बायजाच्या आईचा फोन आला की पोरगी आज दिवसभर हुंदडली आणि दोन भाकरी खाल्ल्या.

पुढचं नियमाने झालं. आदेश आला. बाबुरावांनी केंद्रप्रमुखांच्या ऑफिससमोर दोन दिवस आरडाओरडा केला. मग बस आली आणि मुलं त्यात चढली. नव्या शाळेला झोपाळा आहे हे त्यांना कळलं होतं. रंगूबाईंना नव्या शाळेत काम मिळालं नाही. मंजुळाबाईंना ठाण्याला पाठवलं, खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या एका ऑफिसात. तिथे त्यांना वर्ग नव्हता. दुसऱ्या शाळांची माहिती कॉम्प्युटरवर भरायची होती.

महिनाभराने माझा अहवाल द्यायला मी सिद्धेश सरांकडे गेले. त्यांनी तो चाळला आणि बाजूला ठेवला.

"तुमच्या त्या शाळेची मुलं रुळत नाहीयेत हो," ते म्हणाले. "सकाळी बसमधून उड्या मारत उतरतात. साडेदहाला वर्ग सुरू झाला की गप्प. एकोणीसच्या एकोणीस. डोळे उघडे, पण विचारलं तर उत्तर नाही. डबाही खात नाहीत. पाच वाजले की परत नॉर्मल. डॉक्टर बघून गेले. म्हणाले, नवी जागा आहे, वेळ लागेल."

मी तिथून थेट खोपटला गेले. मंजुळाबाई कपाटांच्या मध्ये एका टेबलाशी बसल्या होत्या. मला बघून उभ्या राहिल्या, खुर्ची ओढली, चहा सांगितला. वाळल्या होत्या.

"काम काही अवघड नाही," त्या म्हणाल्या. "पण बोलायला कुणी नाही गं. आवाज बसलाय माझा न वापरून."

पलीकडच्या टेबलावर बसणारी कल्पिता नावाची मुलगी हसली. "कुठे न वापरून? रोज सकाळी जप चाललेला असतो बाईंचा. आम्ही मजा बघतो."

"कसला जप?" मी विचारलं.

"जप कसला," बाई ओशाळून म्हणाल्या. "साडेदहा वाजले की हजेरी घेते. मनातल्या मनात. म्हणजे, मला वाटतं मनातल्या मनात, पण ही म्हणते ऐकू येतं. पहिल्या बाकापासून सगळ्यांची नावं. हजर, हजर, हजर. मग दिवस जरा बरा जातो."

"किती नावं घेता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चहा आला होता, तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"जीभ एकोणिसावर थांबत नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश सरांकडून शाळेची किल्ली घेऊन मी मानपाड्याला गेले. व्हरांड्यात पालापाचोळा होता. टीव्ही काढून नेला होता, बाकं तशीच होती. खिडक्या उघडून खोली मोकळी केली, मग लावल्या. यंत्र बाकावर ठेवलं. साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं आणि तासभर फाटकाबाहेर उभी राहिले.

सुरुवातीचा आकडा ४३२. तासाने २८३०. वाढ २३९८. भागिले एकशे वीस: १९.९८.