सावडणं

कोळशाचं वय सांगणारा शास्त्रज्ञ म्हणून लातूरच्या क्लासवाल्यांनी सकाळी परदेशात नाव काढलेल्या निवृत्तीचा सत्कार केला. दुपारी तो किल्लारीच्या जुन्या गावठाणात, खड्ड्यात बसून चिमट्यानं कोळशाचे कण वेचत होता. शेकडो वर्षांपूर्वी इथं भूकंप कधी झाला, ते त्यावरून कळणार होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात आई गेली तेव्हा मात्र हा मोठा माणूस परदेशातल्या प्रयोगशाळेला चिकटून बसला. नोकरी नवी होती, रजा मागायची लाज वाटली म्हणे!

चुलती चांगुणा काठावर आली. चितेतून अस्थी वेचाव्यात तसं त्याचं वेचणं बघून तिनं चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला.

"कुणाचं सावडायलास, बाबा?"

"न्हाई काकी, हे भूकंपाचं..." त्यानं चिमट्यातला कण वर धरून दाखवला.

"तुझ्या मायचं तर मीच सावडलं."