दासीची बदली

थोरल्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षी भिंगरी सहावीत गेली. घर शिंप्याचं. नवरीचे कपडे घरातच शिवून तयार होते, आणि आता ते उसवून गिऱ्हाइकांच्या मापाला लावायचं काम बापाने काढलं होतं. उसवायला बसली होती आत्याआजी. ही बापाची आत्या. नवरा गेल्यावर चार दिवस म्हणून आली, ती कायमची राहिली. काज करणं, बटणं टाकणं, पाणी भरणं, स्वयंपाक, भांडी, सगळं तिच्याकडे. घरच्यांची जेवणं उरकली की ती पातेलं खरवडून जेवायची आणि दुकानाच्या खोलीत कापडाच्या चिंध्यांवर अंग टाकायची. तिला सवय आहे, असं घरात म्हणायचे. ती स्वतःही तेच म्हणायची.

सहावीला इतिहासाच्या बाईंची शिकवायची रीत गावभर माहीत होती. इतिहास पाठ करायचा नसतो, अंगावर घ्यायचा असतो, असं त्या म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाचं नदीकाठचं जुनं शहर केलं. पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याने जी उचलली ती त्याची वर्षभराची जागा. वखारवाल्याचा पोरगा राजा झाला. कोणी पुजारी, कोणी कुंभार, कोणी शिपाई. भिंगरीच्या चिठ्ठीत निघालं, दासी.

वर्ग फिदीफिदी हसला. भिंगरीही हसली, कारण तिला वाटलं आठवड्याभराचा खेळ असेल. पण बाई बोलल्याप्रमाणे वागणाऱ्या होत्या. दासीने जमिनीवर बसायचं, फळा पुसायचा, राजाला पाणी आणून द्यायचं, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही. भिंगरीला उत्तरं यायची, हेच दुखणं होतं. नदीला पूर का हवा असायचा, मातीच्या पाट्यांवर कशाने लिहायचे, हे तिच्या ओठांवर असायचं आणि राजा शुंभासारखा छताकडे बघत उभा. पावसाळा सरेपर्यंत गल्लीतली पोरंही तिला दासी म्हणूनच हाक मारायला लागली.

तिने घरी रडून सांगितलं. बाप मशीन चालवता चालवता हसला, म्हणाला, कोणीतरी दासी होणारच, सगळेच राजे झाले तर पाणी कोण भरणार? आईने ऐकलंच नाही. ऐकलं फक्त आत्याआजीने, तोंडात दोरा धरून. त्या दासींना खायला काय मिळायचं, असं तिने विचारलं. भिंगरी म्हणाली, महिन्याला ठरलेलं धान्य, थोडं तेल आणि वर्षाला लोकर.

"ठरलेलं?" आत्याआजीने दोरा तोडला. "मग बरं होतं की गं त्यांचं."

पुढे कायद्यांचा धडा आला. मालकाला मालक मानायचं नाकारलं तर दासाचा कान कापायचे, असं बाईंनी वाचून दाखवलं आणि राजाकडून भिंगरीच्या कानावर खडूने रेघ मारून घेतली. मग पिरॅमिड आले, मग जुन्या राजांची थडगी. एका शहरात राजा मेला की त्याचे नोकर सजून थडग्यात उतरायचे, हातात विषाची एकेक वाटी घेऊन. बाईंचे डोळे चमकले. थंडीतल्या स्नेहसंमेलनाला हेच करू या, म्हणाल्या. शाळेच्या नव्या खोलीचा पाया खणलेला होता, थडगं आयतंच मिळालं. राजाशेजारी शिपाई पडतील आणि पायाशी दासी.

म्हणजे सगळ्या गावासमोर दासी. त्यानंतर ते नाव जन्मभर निघणार नाही, हे भिंगरीला पक्कं कळलं. त्याच सुमारास वर्गाचा लेखनिक गाव सोडून गेला होता. लेखनिक बाईंच्या टेबलाशी खुर्चीवर बसायचा, सगळ्यांची हजेरी पुकारायचा. भिंगरीने धीर करून ती जागा मागितली. बाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "दासी सुटू शकते. तिच्या जागी दुसरं माणूस द्यायचं. शहराचं काम अडता कामा नये."

तिने वर्गातल्या एकेकीच्या हातापाया पडून पाहिलं. बाकावरची मैत्रीण म्हणाली, तुझी पीडा माझ्या गळ्यात कशाला? शेवटी भिंगरी चिंध्यांच्या ढिगाशी येऊन बसली आणि आत्याआजीलाच विचारलं.

"मला शाळेत घेतात?" आत्याआजीने विचारलं. तिने शाळेचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. बाईंना कल्पना फारच आवडली. म्हातारी तालमीला येऊ लागली. यायची ती आधी वर्ग झाडायची, मग पोरांना पाणी द्यायची, कारण राजा मागायचा. तिने ठेवणीतले कपडे काढले होते, तर बाई म्हणाल्या, हे नकोत, रोजचेच घाला, ते खरे दिसतात. भिंगरी खुर्चीवर बसून हजेरी पुकारायची. गल्लीत आता तिला कोणी दासी म्हणत नव्हतं.

कार्यक्रमाला मैदान भरलं. थंडी पडली होती, पायाच्या खड्ड्यात तळाशी ओल होती. राजा मेला, शिपाई उतरले, मागून आत्याआजी वाटी घेऊन हळूहळू उतरली, साखरपाणी प्याली आणि पायाशी आडवी झाली. काय बेमालूम काम करते म्हातारी, असं लोक म्हणाले. बाप सगळ्यात जोरात हसला. वरून चटई टाकली. लेखनिकाने पुकारल्याशिवाय मेलेल्याने उठायचं नाही, असा बाईंचा दंडक होता. पण टाळ्या थांबायच्या आत मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बक्षिसांसाठी आत बोलावलं. पोरं आपापली उठून पळाली. भिंगरीला पेन मिळालं. पुकारायचं राहून गेलं.

घरी दिवेलागणीला शेगडी पेटलेली नव्हती. तेव्हा आईच्या लक्षात आलं की म्हातारी दिसत नाही. भिंगरीच्या हातात पेन होतं. तिला क्षणात सगळं आठवलं. लेखनिक पुकारायला विसरला, हे बाईंना कळलं तर खुर्ची जाईल, हेही त्याच क्षणात आठवलं.

"येईल ती," भिंगरी म्हणाली. "रस्ता माहीत आहे तिला."

सगळ्यांनी वाट पाहिली. भुकेने बाप चिडला, तेव्हा कुठे कंदील घेऊन निघाला. चटई उचलली तर आत्याआजी तशीच पडलेली, वाटी छातीशी धरून, ओठ निळे.

"उठू का आता?" तिने विचारलं.

घरी आल्यावर बापाने भिंगरीला दरडावून विचारलं, तू पुकारलं नाहीस का? आत्याआजीच मध्ये बोलली, पोरीने पुकारलं असणार, मलाच हल्ली कमी ऐकू येतं. मग तिने शेगडी पेटवली.

खोकला दुसऱ्या दिवशी सुरू झाला. आईने काढा दिला आणि काज करायला शर्टही दिले. पंधरवड्यात तिला सुईत दोरा ओवेना. पाण्याची बादली उचलताना ती दारात बसून राहिली, तेव्हा आई म्हणाली, आता हिची नाटकं सुरू झाली, आणि बादली भिंगरीच्या हातात दिली. पाण्यामागून भांडी आली, भांड्यांमागून झाडलोट. भिंगरी रोमचे धडे शेगडीशी बसून पाठ करत होती. चिंध्यांवरून आत्याआजी कधी विचारायची, तुझी खुर्ची आहे ना गं अजून? भिंगरी हो म्हणायची आणि तिच्याकडे न बघता पान उलटायची.

इतिहासात भिंगरी पहिली आली. बाईंनी बापाला बोलावून पाठ थोपटली, मुलीला पुढे शिकवा म्हणाल्या. बाप हो हो म्हणत घरी आला. आईने विचारलं, थोरलीला पुन्हा बघायला येणार आहेत, तिचे हात खराब व्हायला नकोत, म्हातारी अंथरुणाला खिळलेली, मग घरात माणूस कोण? बापाने थोडा वेळ मशीन थांबवलं. मग म्हणाला, बघू, एक वर्ष जाऊ दे. भिंगरीने खूप आकांत केला. तिला सांगण्यात आलं, तुला सवय होईल.

आत्याआजी निकालानंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी वारली, घरच्यांची जेवणं व्हायच्या आधी.