सिनेमातून हाकललेली खवणी

मी एक जुनी खवणी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगते, मला सिनेमाची शिसारी आली आहे. कारण ऐका, मग हवं तर मला कुरकुरी म्हातारी म्हणा.

माझा पाट नीरफणसाच्या लाकडाचा आणि पातं मोडक्या ट्रकच्या लोखंडाचं. टोंगाच्या हापाई बेटांवर लिसियातेच्या वडिलांनी मला घडवलं. आमच्याकडे नारळ खवणं हे पुरुषांचं काम, म्हणून वडिलांमागून मी लिसियातेच्या वाट्याला आले. रोज सकाळी तो माझ्यावर मांड ठोकून बसे. मध्ये झावळ्यांची भिंत, आणि भिंतीपलीकडे चुलीपाशी त्याची थोरली बहीण कालोलाइन. वयात आलेल्या बहीणभावांनी एका छपराखाली बसायचं नाही, एकमेकांची थट्टा करायची नाही, अंगाला हात लावणं तर दूरच. भाऊ कितीही मोठा होवो, बहिणीचा मान त्याच्याहून वरचा. खवलेलं खोबरं तो भिंतीखालून आत सरकवी. त्यात करवंटीचा एक काळा कण दिसला, की भांडं तसंच परत बाहेर येई. लिसियाते गालातल्या गालात हसे आणि पुन्हा निवडायला बसे. चाळीस वर्षं मी हे पाहिलं. याहून जवळची भावंडं मी पाहिली नाहीत.

मोठ्या चक्रीवादळात गावाची घरं उडाली, तेव्हा या दोघांनी तीन महिने सगळ्या गावाला जेवू घातलं. अळूच्या पानांत मासे आणि नारळाचं दूध गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत भाजायचं. आम्ही त्याला लू म्हणतो. माझं पातं त्या तीन महिन्यांत बोटभर झिजलं. येणारेजाणारे माझ्या पाटावरून हात फिरवत, तेव्हा मला धन्य वाटे.

ही हकिगत ऐकून ऑकलंडहून सिनेमावाले आले. त्यांचा दिग्दर्शक ग्रेग. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, "ही फारच कळकट दिसते." मला कोपऱ्यात फेकलं आणि माझ्या जागी चकचकीत रंगाची, बिनधारेची खवणीची एक बाहुली आणून ठेवली. नारळाच्या दुधाच्या जागी गोंद ओतला. लू चमकावा म्हणून त्यावर केसांना मारायचा फवारा मारला. मला ओकारी यायचीच बाकी होती. संध्याकाळी ते अन्न डुकरांपुढे टाकलं, तर डुकरांनीही हुंगून तोंड फिरवलं.

वर्षभरानं चर्चच्या दालनात सिनेमा दाखवला. कालोलाइन पुढच्या चटईवर बसली होती. बहीण आत, म्हणून लिसियाते बाहेर दारासमोरच्या झाडाखाली, माझ्यावर बसून सिनेमानंतरच्या मेजवानीचे नारळ मान खाली घालून खवत होता. मला मात्र सगळं दिसत होतं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला लोकांना फार आवडला. वादळ आलं तेव्हा म्हाताऱ्या रडल्या, भट्टी उघडली तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. आणि मग पडद्यावरचा भाऊ तडक चूलघरात शिरला, बहिणीच्या हातातला चमचा चाटला आणि तिला मिठी मारली!

बायकांनी तोंडं झाकली. कालोलाइनची मान खाली गेली ती वर आलीच नाही. ग्रेगला वाटलं, सगळे भारावले! सिनेमा संपताच तो दारात येऊन ओरडला, "लिसियाते, आत ये! बहिणीला एक मिठी मार, फोटो काढू!"

लिसियातेनं हातातली नारळाची वाटी अर्धवट खवलेली तशीच खाली ठेवली. तो उठला आणि वळूनही न पाहता घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला कुणीतरी चूलघरामागे आणून टाकलं होतं. तीन आठवडे मी दवात भिजत पडले आणि माझ्या दातांवर गंज चढला. लिसियातेची बायको लोसे एकदा येऊन डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, हे नीट जेवतही नाहीत हो. म्हणतात, सगळ्या गावानं पाहिलं, आता कुठल्या तोंडानं त्या भिंतीशी बसू?"

"तोंड काळं व्हायचं तर त्या सिनेमावाल्याचं होईल. माझ्या भावाचं का म्हणून?" कालोलाइन कडाडली. "सांग त्याला, तो पडद्यावरचा बाप्या माझा कोणी नव्हे!"

"सांगितलं हो. ऐकत नाहीत."

स्वतः जाऊन त्याची समजूत काढणं रीतीत बसत नव्हतं. रविवारी तिनं डब्यातल्या नारळाच्या दुधाचा लू केला, एक घास खाल्ला आणि थुंकला. मग तिनं जे केलं, ते आमच्या गावात कुणा बाईनं केलं नसेल. सत्तरीची ती बाई मागे आली, मला सरळ केलं आणि माझ्यावर बसून खवायला लागली. तिला ते येत नव्हतं. माझे गंजके दात खर्र खर्र किंचाळत होते, बोटं सोलवटत होती, पण ती थांबेना. कुंपणापलीकडे लिसियातेचं घर आहे. भाऊ धडधाकट असताना थोरल्या बहिणीनं त्याचं काम करावं, याहून मोठी नाचक्की दुसरी नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या नारळाला कुंपणापाशी मोठ्यानं खोकल्याचा आवाज आला. कालोलाइन उठली, झटकन आत गेली आणि भिंतीआड बसली.

लिसियाते आला. आधी त्यानं वाळूनं घासून माझा गंज काढला आणि दगडावर धार लावली. मग तो बसणार, तोच थबकला. पाटावर आत्ताच बहीण बसून गेली होती. त्यानं केळीचं एक ओलं पान तोडलं, पाटावर नीट अंथरलं आणि त्यावर बसला.

मित्रांनो, माझ्या पाटावर आजवर कितीतरी हात फिरले. त्या पानाइतकी माया मला कधी जाणवली नव्हती.

तो सिनेमा आता शहरांत चालतो. लोक म्हणे रडतात, घरी जाऊन स्वयंपाक करतात. करोत. माझी शिसारी काही जात नाही. तुमच्या घरच्या खवणीला कोरडी ठेवा, तिला धार लावत जा. आणि दोन माणसं भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांसाठी राबताना दिसली, तर कृपा करून ती भिंत पाडायला जाऊ नका.