मातेय व्होंद्राची झोप

अमेरिकेतल्या आमच्या टॅलमन काउंटीत वारा एवढा, की एका निवडणुकीला मी वाळत घातलेली नवऱ्याची पँट शेजारच्या काउंटीत मत देऊन परत आली. हे मी आयुष्यभर सांगत आलेय आणि लोक हसत आलेत. थापा मारण्यात माझा हात धरणारं आमच्याकडं कुणी नाही. म्हणून तर काउंटीला दीडशे वर्षं झाली आणि पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा हार्लोच्या वाचनालयातली नॅडीन माझ्याकडंच आली.

"आर्डिथआजी, एकेका गावाला एकेक पान. तुम्हीच लिहा. बाकीच्यांचं वाचून मलाच झोप येते."

मी लिहिलं. हार्लोचं कोर्ट आणि त्यावरचं कायम मागं चालणारं घड्याळ. नीबोर्गचे स्वीडिश लोक आणि कपाचा तळ दिसेल अशी त्यांची कॉफी. केसीचा मांसाचा कारखाना आणि मेक्सिकोहून येऊन तिथं राहिलेली माणसं. आमचं प्रुएट, त्याचं स्टेशन, त्याचं धान्याचं उंच कोठार. शेवटी राहिलं लीपा. अकरा घरं, एक चर्च, सगळी चेक देशातून आलेली माणसं. आता लीपाबद्दल लिहायचं काय? मग मी पत्त्यांच्या टेबलावरची माझी जुनी गोष्ट तिथं घातली.

गोष्ट अशी. रेल्वेचा माणूस जागा बघायला लीपात येणार होता. त्याच्याशी बोलायला गावानं मातेय व्होंद्राला नेमलं, कारण इंग्रजी त्याला एकट्यालाच येत होतं. मातेय बिअर ढोसून गवताच्या गंजीत झोपला. असा घोरला, की रेल्वेच्या माणसाला वाटलं इथं आधीच इंजिन आलंय. तो पुढं निघून गेला. रूळ प्रुएटला आले आणि लीपा बसलं ते बसलंच.

चाळीस वर्षं लोक या घोरण्यावर हसले. फक्त मातेयचा नातू एमिल टेबलावर असला, की मी ती सांगत नसे. का सांगत नाही, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

पुस्तक निघालं. लीपाच्या चर्चमध्ये दरवर्षी पानगळीच्या दिवसांत जेवण असतं, बदक, कोबी, खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे. तिथं कुणीतरी उभं राहून माझं पान मोठ्यानं वाचलं. सगळा हॉल हसला. माझ्या समोरच्या रांगेत एमिल बसला होता. त्यानं काटा खाली ठेवला, तोंड पुसलं, खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर गेला. माझ्याकडं बघितलंही नाही.

आमच्याकडं कच्च्या रस्त्यावर समोरून गाडी आली, की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, हाच नमस्कार. ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्यालासुद्धा. एमिलनं साठ वर्षं मला बघून बोट उचललं, बायकोला पुरून परत येताना पण उचललं. जेवणानंतरच्या सोमवारी त्याची पिकअप माझ्या शेजारून गेली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

मला कानाच्या पाळ्यांपर्यंत लाज वाटली. कारण खरं काय ते मला माहीत होतं. माझ्या आजीनंच सांगितलं होतं. त्या दिवशी मातेय आपल्या वर्षाच्या मुलीसाठी खड्डा खणत होता. जमीन गोठलेली, कुदळ उडायची, दोन दिवस लागले. आजी त्याला तिथं पाव नेऊन द्यायची. एवढं माहीत असून मी गवताची गंजी घातली, बिअर घातली. खड्ड्यावर कोण हसणार?

मी नॅडीनकडून पुस्तकं घेतलेल्यांची यादी आणली. एकशे चाळीस घरं. त्या दिवशी मातेय खरं काय करत होता ते तेवढ्या चिठ्ठ्यांवर हातानं लिहिलं, पिठाची खळ शिजवली आणि निघाले. प्रत्येक दारात एकच वाक्य, "मी खोटं लिहिलंय, पुस्तक आणा, वरून हे चिकटवायचंय."

हार्लोत एका वकिलाला ही नवी थाप वाटली, त्यानं टाळ्या वाजवल्या. नीबोर्गचा म्हातारा टोरवाल्ड म्हणाला, "थाप मारल्याचीच थाप मारतेस होय? ये, कॉफी घे."

"खरं बोलतेय रे."

"हो, आणि तुझ्या नवऱ्याची पँट मत देऊन आली."

त्यानं चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. अशी किती घरं गेली. केसीत रोसाल्बा नावाच्या बाईनं मात्र दारातच उभं राहून ती वाचली. कडेवर तिचं नातवंड होतं.

"बाळाचं नाव नाही लिहिलंत," ती म्हणाली.

"मला माहीत नाही."

"चेष्टा करायला बापाचं नाव बरं माहीत होतं." एवढं बोलून तिनं पुस्तक आणून दिलं.

मग मी एमिलकडं गेले. तो अंगणात यंत्राला वंगण देत होता. उठला नाही.

"पुस्तक आण एमिल, चिकटवते."

"शेगडीत घातलं."

मी खळीचा डबा धरून उभी. "बाळाचं नाव काय होतं?"

तो चाक पुसत राहिला. "साठ वर्षं ओळखतेस मला. आज विचारतेस."

"हो."

"अनेझ्का." मग म्हणाला, "आजोबा बिअर प्यायचे. पण त्या दिवशी नाही."

"तेही लिहू का?"

"तुला हवं ते तू लिहितेसच की."

मी परत त्या एकशे चाळीस घरांत गेले. प्रत्येक चिठ्ठीवर पेनानं नाव घातलं. या वेळी हसणारे कमी होते. टोरवाल्डनं चिठ्ठी वाचली आणि कॉफी विचारली नाही.

आता रोज सकाळी टपाल आणायला मी लीपाच्या रस्त्यानं जाते. जवळचा रस्ता दुसरा आहे. एमिलची पिकअप दिसली, की मी बोट उचलते. तो उचलत नाही. सगळा हिवाळा असा गेला.

मागच्या गुरुवारी त्याचं बोट जरा हललं. रस्त्यात खड्डा होता, गाडी उडाली होती, त्यानंही हललं असेल. दुसरी कुठली गोष्ट असती, तर एमिलनं अख्खा हात वर केला असं मी तुम्हाला सांगितलं असतं. हे मात्र होतं तेवढंच सांगते. हललं.