मी, ‘शिक्षण चालू आहे’

मित्रांनो, तुमच्या कुठल्या ना कुठल्या कागदावर माझ्या एखाद्या भावंडानं डोकं आपटलेलं असणारच. मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या तळव्यावर तीन शब्द आहेत आणि ते उलटे आहेत. कागदावर पडलो की सुलटे होतात. कचेरीत माणसांचं याच्या विरुद्ध होतं. ती बिचारी सुलटीच आत जातात.

माझा जन्म भूकंपाच्या साली निलंग्याला झाला. पडलेली घरं मोजायची होती, पत्रे वाटायचे होते आणि यातलं काहीही शिक्क्याशिवाय हलत नव्हतं. शिक्के बनवणाऱ्या दस्तगीरचाचांच्या दुकानाची अर्धी भिंत खाली आली होती, तरी दारात गिऱ्हाईक मावत नव्हतं. चाचांनी पडक्या घराच्या सागवानी चौकटीचा तुकडा घासून माझी मूठ केली आणि खाली रबर डकवलं. ‘पंचनामा झाला.’ माझे पहिले शब्द हे. तंबूतल्या टेबलावर दिवसभर मी तेवढंच म्हणत असे. समोरचा माणूस हुंदके देत असला तरी तेवढंच.

माणसं शेडमधून पक्क्या घरांत गेली, तंबू उठला आणि मी खोक्यात पडलो. त्या तंबूतल्या कचेरीत अमृतराव नावाचे तरुण कारकून रोजंदारीवर होते. त्यांना अहमदपूरला हमालांच्या निधीत नोकरी लागली. जाताना त्यांनी मला खिशात टाकलं, आठवण म्हणून की फुकटचा म्हणून, ते मी विचारू शकलो नाही. चाचांनी जुनं रबर सोलून नवं लावलं. ‘शिक्षण चालू आहे.’

हा निधी बाजार समितीच्या यार्डातल्या हमालांनी आपल्या हमालीतून उभा केलेला. हमाल गेला तर त्याच्या घरच्यांना हमालवाडीतली खोली आणि महिन्याचं धान्य मिळायचं. पण घरात कुणी शिकत असेल तोवरच. शिक्षण सुटलं की धान्य बंद आणि खोली दुसऱ्याला. म्हणून दर जूनमध्ये बापाविना झालेली लेकरं शाळेचा बोनाफाईड घेऊन रांगेत उभी राहायची. तिकडं कुणी ‘बोनाफाट’ म्हणतं, कुणी ‘बोनापाईट’. अमृतराव मला तोंडाजवळ नेऊन ‘हाऽऽ’ करायचे आणि मी त्या वाफेवर उमटायचो. पॅडला शाई घालायचं सभेत मंजूर व्हायचं होतं. ते अजून व्हायचंय.

ती माझी सुखाची वर्षं. लेकरं माझ्याकडं बघून हसायची. घर वाचवणारा शिक्का म्हणून मला मान होता. मग लातूरला क्लासेस आले आणि माझं डोकं फिरलं.

शेषेराव नावाचे हमाल होते. भूकंपात गाव पडल्यावर पाठीवर पोतं घ्यायला यार्डात आलेले. ते वारले तेव्हा त्यांची वर्षाराणी लहान होती. तिची आई केवळाबाई त्या खोलीत राहून बाजारात भाजी विकायची. पोरगी हुशार निघाली. बारावी झाली, डॉक्टरकीच्या परीक्षेत थोडक्यात राहिली आणि पुन्हा एक वर्ष परीक्षा द्यायचं ठरवून लातूरच्या क्लासला बसली. सकाळच्या एसटीनं जायची, दिवे लागल्यावर यायची. येताना एसटीच्या दांड्याला धरूनही पुस्तक वाचायची.

जूनमध्ये केवळाबाई लेकीला घेऊन आली आणि कॉलेजनं दिलेला कागद टेबलावर ठेवला. अमृतरावांनी वरची ओळ वाचली आणि चष्मा काढला.

“वैनी, हे काय आणलंत? ‘शाळा सोडल्याचा दाखला’. सोडली म्हणून लिवलंय की सरळ.”

“काका, तो समद्यालाच तसाच देतेत,” वर्षाराणी म्हणाली. “खाली बघा ना. सोडण्याचं कारण, ‘पुढील शिक्षणासाठी’.”

“मग पुढील शिक्षण कुठंय? त्याचा बोनाफाईड दाखव.”

“क्लासला हाय ना मी. दिवसभर शिकूनच राहिले.”

“क्लास म्हंजे शिक्षण न्हाई बाई. क्लास म्हंजे क्लास.”

मित्रांनो, मी पॅडवर पडल्या पडल्या हे ऐकत होतो. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. तेवढ्यात शिवम आला. हाही एका वारलेल्या हमालाचा मुलगा. स्टँडसमोर मोबाईलची कव्हरं विकतो. एका कॉलेजात त्याचं नाव आहे. प्रवेश घेताना त्यानं कॉलेजचं फाटक पाहिलं होतं, ते निळं होतं की हिरवं हे त्याला आता आठवत नाही. त्यानं बोनाफाईड पुढं केला. अमृतरावांनी ‘हाऽऽ’ केलं आणि मी आपटलो. ‘शिक्षण चालू आहे.’ माणूस चालू असला की शिक्षणही चालू असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

“कुठंतरी नाव घाला की पोरीचं,” अमृतराव हळूच म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. नियम वाचणारे होते.

नाव घातलं असतंही. पण जवळपास जागा असलेलं कॉलेज एकच निघालं आणि तिथले प्राचार्य हजेरी घेत होते! बसा वर्गात, नाहीतर नाव कमी. एवढ्या मुलखात प्रामाणिक माणूस भेटला तो नेमका तिथं. म्हणजे शिकत आहे असं दाखवायचं तर पोरीनं शिकणं सोडायचं.

“मी सोडते क्लास,” वर्षाराणी म्हणाली. “खोली गेली तर तू कुठं राहशील, आई?”

“गप बस,” केवळाबाई म्हणाली. मग टेबलाकडं वळली. “अमृतरावभाऊ, तुमचा कायदा तरी वाचून दाखवा मला. पुस्तक हातात देत न्हाईत तर कानानं तरी बघते.”

अमृतरावांनी वैतागून नियमाचं पुस्तक काढलं. “ऐका. ‘मयत हमालाच्या कुटुंबातील कोणतीही व्यक्ती शिक्षण घेत असेल तोपर्यंत...’”

नियम हमालांनीच लिहिलेले. लेकराला कचेरीच्या भाषेत काय म्हणतात ते न कळून कुणीतरी ‘व्यक्ती’ लिहून मोकळं झालेलं.

“थांबा,” केवळाबाई म्हणाली. “मी कोन हाय?”

“म्हंजे?”

“मी येक्ती न्हाई का? शेषेरावाच्या घरचीच हाय की.”

“वैनी, चेष्टा करून राहिलात का?”

“चेष्टा तुम्ही मांडली. मी शिकते. सातवी झालीय माझी.”

अमृतरावांनी नियम पुन्हा वाचला, मग उजेडात धरून वाचला. ‘व्यक्ती’ काही ‘लेकरू’ होईना.

दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. त्याला जोडायला कागद कोणता लागावा? शाळा सोडल्याचा दाखला! केवळाबाई नायगावजवळच्या माहेरी जाऊन तो घेऊन आली. ज्या कागदानं लेकीचं शिक्षण बंद ठरवलं होतं, त्याच कागदानं आईचं चालू केलं. मी तिच्या फॉर्मच्या पावतीवर आपटलो तेव्हा जरा लाजलोच. मलाही वाटलं, हीसुद्धा शिवमच्याच रांगेतली.

पण ती बाई खरंच शिकू लागली. भाजीच्या पाटीशेजारी पुस्तक. गिऱ्हाईक म्हणायचं, “मावशी, मेथी कशी?” ती म्हणायची, “थांब, एवढं समीकरण सुटू दे.” संध्याकाळी लेक लातूरहून आली की दोघी एकाच दिव्याखाली बसायच्या. हमालवाडीतल्या बायांनी चिडवून घेतलं. “केवळाबाई, डबा भरून देऊ का गं साळंला?”

“दे की. दोन भाकरी जास्तीच्या टाक,” ती म्हणायची.

पुढच्या पावसाळ्यात मायलेकी पुन्हा कचेरीत आल्या. वर्षाराणीचा डॉक्टरकीला नंबर लागला होता. तिच्याकडं आता खराखुरा, कॉलेजचा बोनाफाईड होता. अमृतरावांनी हसून मला उचललं. “सुटलात वैनी! आता पोरीचं चालू हाय. खोलीला काही होत न्हाई. तुम्ही मोकळ्या झालात.”

त्यांनी लेकीच्या कागदावर मला मारलं. पण केवळाबाई उठेना. तिनं पिशवीतून पुन्हा परीक्षेला बसायची आपली पावती काढली. दहावीत बाकी सगळं सुटलं होतं, गणित राहिलं होतं.

“ह्याच्यावर बी मारा.”

“आता कशाला? एक येक्ती बास हाय नियमाला.”

“नियमाला आसंल. माझं गणित राहिलंय न्हवं? चालू हाय ते चालू म्हना.”

अमृतरावांनी मला उचललं आणि पुन्हा पॅडवर ठेवलं. एवढ्या वर्षांत जे त्यांनी एकाही लेकराला विचारलं नव्हतं, ते आता विचारलं.

“काय शिकून राहिलात, वैनी?”

“वर्गसमीकरणं. तुम्हाला येतेत का?”

अमृतरावांनी पावती सरळ केली. मला तोंडाजवळ नेऊन चांगला लांब ‘हाऽऽ’ केला.

मित्रांनो, शिक्क्याला फार काही लागत नाही. पॅड ओलं ठेवा, उन्हात टाकू नका, रबराला भेगा पडतात. आणि पुढं तुमच्यापैकी कुणी टेबलामागच्या खुर्चीत बसलात तर मला उचलण्याआधी समोरच्याला एवढं विचारा, काय शिकताय? तो सांगेपर्यंत मी थांबेन. मला कुठं एसटी पकडायचीय!