न भरलेली घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतात. माझे सासरे किसनराव याबाबतीत फार काटेकोर. आजा, आजी, बाप, सावत्र आई, इतकंच काय, ज्या चुलत्यानं वावराचा धुरा, म्हणजे बांध, कोरला त्याचीसुद्धा घागर ते भरतात. फक्त सख्ख्या आईची नाही.

"जित्या मानसाची घागर भरत नाहीत," एवढंच म्हणायचे.

सासरे आता ऐंशीचे. त्यांची आई असती तर शंभरीला टेकली असती. हे मी एकदा बोलून दाखवलं, कारण माझ्या तोंडाला कुलूप नाही. ते शांतपणे म्हणाले, "माय मेली म्हणून तुले कोनं सांगतलं? मले त आजवर कोनी सांगतलं नाही."

झालं होतं ते असं. सासरे चारेक वर्षांचे असताना नागपंचमीला त्यांचा मामा बाभुळगावकडून बैलबंडी घेऊन बहिणीला माहेरी न्यायला आला. मानपानावरून भांडण पेटलं. सासऱ्यांचे आजोबा गरजले, "न्या, अन् परत आनू नका." आई गेली, लेकरू इथंच ठेवून घेतलं. पुढे घरात एकच सांगत राहिले, की तुझी माय तुला टाकून गेली, तिनं दुसरं घर केलं.

गेल्या वर्षी मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी मी जुन्या नोंदी शोधत होते. पूर्वी गावात कोणी जन्मलं किंवा मेलं की कोतवाल ते नोंदवायचा. ती कोतवाल बुकं आता तहसीलमध्ये असतात. एका पूर्वजाच्या मृत्यूची नोंद मिळाली, माझं काम झालं. घरी येऊन नक्कल सासऱ्यांना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि मान खाली घालूनच विचारलं, "सुरभी, यात बायाइचंही लिवतात काय?"

ते आईचंच विचारत होते. मी म्हटलं, "लिवतात बाबा. पाहते मी."

आधी आमच्या गावाच्या नोंदी पाहिल्या, मग बाभुळगाव तहसीलमध्ये जाऊन तिच्या माहेरच्या. सरस्वती हे नाव, पुढे नवऱ्याचं नाव, आमचं आडनाव. ती माहेरी गेली त्याच्या आसपासच्या सगळ्या वर्षांत एकही सरस्वती मेलेली नव्हती. घरी येऊन मी पिशवी आपटली. माझा नवरा अमर म्हणाला, "सोड ना आता." सोडायला सांगणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

मग एका सकाळी सासूबाईंच्या माहेराहून फोन आला. "बेबीताईले द्या जरा." आमच्याकडे त्या सुनंदा. लग्नात सासऱ्यांनी ताटातल्या तांदळावर बोटानं 'सुनंदा' लिहिलं आणि बेबी माहेरीच राहिली. माझ्याही लग्नात ते ताट पुढे आलं होतं. मी म्हटलं, माझं आहे ते नाव मला पुरे. तेव्हा सगळ्यांत जास्त फुगले ते सासरेच!

फोन हातातच राहिला. सरस्वती हे तर आमच्या घरचं नाव. तिच्या बापाच्या गावात तिला सरस्वती म्हणणार कोण? कोतवाल तिथला. त्यानं ती पोरगी ज्या नावानं पाहिली, तेच लिहिलं असणार.

तिच्या वडलांचं नाव डोमाजी, एवढं सासऱ्यांना ठाऊक होतं. पुन्हा बाभुळगाव गाठलं. या खेपेला नवऱ्याचं नाव सोडलं आणि बापाचं धरलं. ती सापडली. पुंजी, डोमाजीची मुलगी, वय बावीस, ताप. त्याच वर्षी, पोळ्याच्या आधी.

पंचमीला गेलेली बाई पोळासुद्धा पाहू शकली नव्हती. दुसरं घर कुठलं करते! माहेरचा निरोप आला असेल तर तो आमच्याच उंबऱ्यात कुणीतरी दाबला. कधी न पाहिलेल्या त्या मेलेल्या माणसांचा मला इतका राग आला, की बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं.

सासरे अंगणात तूर निवडत होते. मी नोंद वाचली. 'पुंजी' ऐकताच त्यांचा हात सुपात थांबला.

"पुंजे, बस लवकर, ऊन चढून राह्यलं," ते म्हणाले. "मामा बंडीतून असा बोलला होता. बंडीत दुसरी कोन पुंजी होती, हाच इचार मी जनमभर केला." सूप खाली ठेवून म्हणाले, "मायच होती म्हणजे."

मग त्यांनी विचारलं, "मले सुतक लागते काय?"

अमर म्हणाला, "बाबा, किती वर्षं झाली त्याले..." सासूबाईंनी त्याला हातानं गप्प केलं. "लागते. मायचं कवाही समजलं तरी लागते."

दुसऱ्या दिवशी न्हावी बोलावला. ऐंशीच्या माणसानं आईसाठी डोकं भादरलं आणि ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसला. लोक बसायला आले. ते येईल त्याला सांगत होते, "माय गेली माझी." मला वाटलं होतं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही.

यंदा आखाजीला कुंभाराकडून घागर ते स्वतः घेऊन आले. पाटावर ठेवली आणि मला हाक मारली.

"कोनत्या नावानं भरू?"

"तुमची माय आहे बाबा. तुम्हीच सांगा."

"पुंजाबाई," ते म्हणाले. "आपल्या घरचं नाव घेतलं त तिले वाटन, पुन्हा भांडाले आले."

आम्ही हसलो, तेही हसले. मग तांब्या तिरपा केला, आणि पाण्याची धार पडता पडता त्यांचा आवाज अगदी लहान झाला.

"माय, इतके साल तुले पानी देल्लं नाही. मी वाट पाहून राह्यलो होतो."